क्रीडागार आणि करदाता



सार्वजनिक पैशातून भव्य क्रीडागारे बांधावीत, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद साधा असतो. सामने होतील, प्रेक्षक येतील, हॉटेले आणि रिक्षा चालतील, आणि घातलेला पैसा करांच्या रूपाने परत येईल. ऐकावयास हे गोड आहे. परंतु समजा, बोरीवलीच्या एका कुटुंबाने सामन्यापायी दोन हजार रुपये खर्च केले. सामना नसता तर ते दोन हजार काय खाडीत पडले असते? त्यांनी नाटक पाहिले असते, मुलांना कपडे घेतले असते. पैसा या गल्ल्यातून त्या गल्ल्यात गेला, इतकेच. परगावचा प्रेक्षक नवा पैसा आणतो खरा. पण वर्षातून किती दिवस? अमेरिकेतील रॉजर नोल व अँड्र्यू झिम्बालिस्ट यांनी 1997 साली संपादित केलेल्या ग्रंथात तेथील क्रीडागारांचा असाच जमाखर्च तपासला आहे, आणि त्याचा निष्कर्षही करदात्याला धीर देणारा नाही.

कॅनडातील माँट्रियल शहराने 1976 च्या ऑलिंपिकसाठी क्रीडागार उभारले. खेळ दोन आठवडे चालले. कर्ज फिटले 2006 साली! त्यासाठी तंबाखूवर खास कर बसवावा लागला. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यांनी सिगारेटीच्या धुरातून ते कर्ज फेडले.

आपल्या मुंबईत ब्रेबॉर्न 1937 साली एका क्लबाने बांधले आणि वानखेडे 1975 च्या सुमारास क्रिकेट असोसिएशनने. म्हणून करदाता सुटला, असे मात्र समजू नका. वानखेडेखालची जमीन सरकारची आहे. बंदोबस्ताचे पोलीसही सरकारचेच. 2023 साली राज्य सरकारने ट्वेंटी-ट्वेंटी सामन्याचे बंदोबस्त शुल्क 70 लाखांवरून 10 लाखांवर आणले, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. शुल्क उतरले म्हणून पोलिसांचा पगार उतरत नाही. फरक तुमच्या-आमच्या खात्यावर पडतो.

कोणी म्हणेल, वाचनालय तरी कोठे नफा देते? आक्षेप रास्त आहे. पण मग वाचनालयाचेच माप क्रीडागाराला लावा. वाचनालयाची किंमत इमारतीवरून नव्हे, वाचकांवरून ठरते. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात फुटबॉलचे स्टेडियम आहे आणि पोहण्याचा तलावही आहे. स्टेडियमला गर्दी सामन्यापुरती. तलावात मात्र रोज कोणाचे ना कोणाचे मूल पोहावयास शिकते. करदात्याचा पैसा वसूल होतो तो तेथे.

ही वसुली फाटकाशीच अडते. दिल्लीचे त्यागराज क्रीडागार 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधले गेले. एका अधिकाऱ्याला कुत्रा फिरवता यावा म्हणून तेथील खेळाडूंना संध्याकाळी सातच्या सुमारास बाहेर काढले जाते, अशी बातमी मे 2022 मध्ये छापून आली. अधिकाऱ्याची बदली झाली, आणि सरकारी क्रीडागारे रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्याचा हुकूम निघाला. कोट्यवधी रुपयांनी जे साधले नव्हते, ते एका हुकमाने साधले!

म्हणून उद्या आपल्या उपनगरात कोणी क्रीडागाराचा नारळ फोडावयास आला, तर हार घालण्यापूर्वी त्याला विचारा : फाटक वर्षातून किती दिवस उघडे राहील? आत जाण्यास आमच्या मुलाला काय द्यावे लागेल? आणि दहा वर्षांनी गळके छप्पर कोणाच्या पैशाने दुरुस्त होईल? उत्तरे लेखी मिळाली, तर आपण कर आनंदाने भरू. न मिळाली, तर तोच पैसा वॉर्डातील मोकळ्या मैदानांना द्या म्हणावे. लोकलमध्ये तासन्‌तास उभे राहणाऱ्या बोरीवलीकराला बसावयास आणखी पायऱ्या नकोत. त्याच्या मुलांना धावावयास जमीन हवी.