हिंगणघाटची कबर आणि हिमालयातले शिखर



स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे नागपुरात मनःपूर्वक स्वागत. स्वागताध्यक्ष हे पद मोठे मजेचे असते. ज्याला निबंध वाचायचा नाही, त्याला सगळ्यांच्या आधी बोलायला मिळते. मी हिंगणघाटचा भूगोलाचा निवृत्त मास्तर. माझ्या नावावर एकही शोधनिबंध नाही, म्हणजे तुमच्या हिशेबात माझा एच-इंडेक्स शून्य. पण शून्याचे नागपूरला वावडे नाही. इथे झीरो माइलजवळ लोक हौसेने फोटो काढतात.

त्या जागेला लोक देशाचा मध्यबिंदू म्हणतात. तिथे खरे तर १९०७ सालचे तलचिन्ह आहे, समुद्रसपाटीपासूनची उंची नेमकी मोजून दगडावर पक्की केलेली खूण. पुढच्यांनी आपापली उंची तिच्यावरून काढायची. ही खूण पक्की करायला उन्हातान्हात कोण राबले, ते दगडावरून कळत नाही. आपल्या परिषदेचा विषय ‘भू-अवकाशीय संशोधन : प्रकाशन आणि प्रभाव’ असा ठरला, तेव्हा मला आधी हा दगड आठवला आणि लगेच माझे गाव.

विल्यम लॅम्बटनची कबर हिंगणघाटला आहे. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्याने साखळीने आधाररेषा मोजली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत हा माणूस वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. त्याच्याबरोबर अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र. तंजावरला देवळाच्या गोपुरावर चढवताना तो आपटला, तर त्याने तो स्वतःच्या हातांनी दुरुस्त केला. आपली मोजमापे तो ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापत असे आणि १८१७ साली रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्वही दिले. नागपूरकडे येत असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. काम पुढे त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्टने नेले. जगातले सर्वांत उंच शिखर आज एव्हरेस्टच्या नावाने ओळखले जाते, आणि लॅम्बटनच्या कबरीपाशी जायचे तर अजून वाट विचारावी लागते.

आणखी एक नाव घेतो, राधानाथ सिकदार. १८५२ च्या सुमारास पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टचीच, उंची गणिताने काढणारे मुख्य संगणक. त्या काळी ‘संगणक’ म्हणजे माणूस, बरे का! १८५१ मध्ये सर्वेक्षणाची जी अधिकृत मार्गदर्शिका निघाली, तिच्या प्रस्तावनेत सिकदारांच्या साहाय्याचा स्पष्ट उल्लेख होता. १८७० मध्ये ते वारले आणि १८७५ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतून त्यांचे नाव गेले. त्यांचे गणित मात्र पुस्तकात राहिले.

तुम्ही ज्याला सायटेशन म्हणता, त्याला आपल्याकडे ऋणनिर्देश हा जुना शब्द आहे. त्यात ‘ऋण’ आधी येते, हे मला फार आवडते. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला, तो कुठला विचार कुठून कुठे गेला हे शोधता यावे म्हणून. पुढे त्या नोंदींची मोजदाद सुरू झाली. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एच-इंडेक्स मांडला. तुमचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उद्धृत झाले असतील, तर तुमचा अंक वीस. हिशेब सुटसुटीत आहे. अडचण एवढीच की नेमणूक आणि बढती करणारे हाच आकडा पाहतात, आणि मग तरुण संशोधक नकाशा सोडून आकड्याकडे बघत चालतो.

वॉल्डो टोब्लर यांचे उदाहरण घ्या. १९७० मध्ये डेट्रॉइटच्या लोकवस्तीची वाढ संगणकावर चित्रपटासारखी दाखवताना त्यांनी जाता जाता लिहिले की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण लांबच्यापेक्षा जवळच्याचा जास्त. आज तो भूगोलाचा पहिला नियम आहे. तो इतका अंगवळणी पडला की वापरणाऱ्या पुष्कळांना मूळ निबंध उघडावासाही वाटत नाही. वर हाच नियम सायटेशनलाही लागू पडतो. आपण उद्धृत करतो तेही आधी आपल्या गुरूंना, मग मित्रांना, मग शेजारच्या टेबलावरच्याला!

आता याची दुसरी बाजू. २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये मॅथ्यू रॉडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. ग्रेस या जोड-उपग्रहांनी टिपलेल्या गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांवरून त्यांनी दाखवले की राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यातून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल गेले. हा निबंध जगभर उद्धृत झाला. निबंधाचा आकडा चढत गेला, पण तेवढ्याने विहिरीत पाणी चढले नाही. उलट याच नागपुरातल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोने आणि महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग केंद्राने केलेले नकाशे पाहा. बांध कुठे घालायचा, माती कुठे उथळ आहे, हे त्यांवरून ठरवणारा कृषी अधिकारी तळटीप कशाला लिहील? त्याचा ऋणनिर्देश शेतातच होतो. तो मोजायला कुठला निर्देशांक लावाल, हे या दोन दिवसांत ठरवता आले तर बघा.

मोजू नका, असे मी म्हणत नाही. ज्यांचा जन्म मोजण्यात गेला, त्यांच्यापुढे असे बोलायची माझी छाती नाही. म्हणणे एवढेच आहे की आकडा वाचताना त्याखालचा निबंधही वाचा; आणि स्वतः लिहाल तेव्हा ज्याच्या खांद्यावर थिओडोलाइट होता, त्याचेही नाव लिहा.

उद्या दुपारी हिंगणघाटला बस जाईल, दीड-दोन तासांचा रस्ता. लॅम्बटनला भेटायचे असेल त्यांनी नोंदणीच्या टेबलावर नाव द्यावे. सकाळी तर्री-पोहे आहेत. तिखटाची भीती असणाऱ्यांसाठी रस्सा वेगळा ठेवायला सांगितले आहे. व्यवस्थेत उणे राहिले तर ते माझ्या पदरी घाला. जे नीट झाले असेल ते विद्यार्थी स्वयंसेवकांचे, आचाऱ्यांचे, मांडववाल्यांचे आणि गाडीवानांचे. त्यांची नावे स्मरणिकेत आहेत, आणि या वेळी ती आम्ही पहिल्या पानावर छापली आहेत.