शालेय मुलांचे वजन : नोंद आणि अर्थ

शाळेच्या आरोग्यपत्रकात उंची व वजन यांचे रकाने असतात आणि ते भरलेही जातात. भरलेले पत्रक वाचले जातेच, असे मात्र नाही.

दहा वर्षांचे दोन मुलगे घ्यावेत. दोघांचेही वजन 27 किलो. पण एकाची उंची 142 सेंटिमीटर, तर दुसऱ्याची 120. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या प्रमाणकांनुसार पहिला मुलगा कृश ठरतो. दुसरा वयाच्या मानाने खुजा असून त्या उंचीला त्याचे वजन अधिक आहे. तो गुबगुबीत दिसतो, म्हणून त्याला कुपोषित कोणी म्हणत नाही. वस्तुतः पोषण दोघांचेही बिघडलेले असते.

2016-18 च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील 10 ते 19 वयोगटातील 24 टक्के मुलेमुली कृश, तर 5 टक्के अतिवजनाची आढळली.

मध्यान्ह भोजनात प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे 100 ग्रॅम धान्य व 20 ग्रॅम डाळ असे प्रमाण आहे. त्यातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, ही अपेक्षा. खिचडीतील डाळ कमी पडली तरी भाताने पोट भरते, त्यामुळे तक्रार होत नाही. उणीव राहते ती प्रथिनांची, आणि ती शाळेबाहेरच्या टपरीवरील वेफर्सनी भरून निघत नाही.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीवरील पंचायत सदस्यांनी एखादे दिवशी डाळ समक्ष मोजून घ्यावी. शिक्षकांनी उंची, वजन व वय एकत्र वाचून मागील नोंदीशी ताडावे, आणि उंची खुंटलेल्या मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. वजनाचा आकडा मात्र वर्गासमोर मोठ्याने वाचू नये.