बर्ड फ्लूची धास्ती आणि साध्या फ्लूची लस
(सोसायटीच्या आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



आरोग्य समितीत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना एक प्रश्न वारंवार विचारला जातो. कुठे कोंबड्या मेल्याची बातमी आली की दुसऱ्याच दिवशी कोणीतरी गाठून विचारते, "बर्ड फ्लू आलाय म्हणतात, मग ती फ्लूची सुई घेऊन टाकावी काय?" या प्रश्नाला 'हो' म्हणावे तर माणूस समजतो की सुई घेतली, आता बर्ड फ्लूची भीती गेली. 'नाही' म्हणावे तर ज्यांना ती सुई खरोखरच हवी आहे तेही घरी बसतात. म्हणून हा विषय आज जरा विस्ताराने मांडण्याचे आम्ही ठरविले.

प्रथम बर्ड फ्लूविषयी. हा मुळात पाखरांचा रोग. त्याच्या एच५एन१ या जातीच्या विषाणूने माणसाला गाठल्याचे प्रथम १९९७ साली हाँगकाँगमध्ये दिसून आले. तेथे १८ जणांना लागण झाली व ६ जण दगावले. त्या शहरातील दहा लाखांहून अधिक कोंबड्या काही दिवसांत मारून टाकाव्या लागल्या. आपल्या देशात हा रोग कोंबड्यांमध्ये पहिल्यांदा सापडला तो आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, फेब्रुवारी २००६ मध्ये. त्या वेळी चिकनचे भाव कसे कोसळले हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. नवापुरात माणसांचीही तपासणी झाली, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले, पण माणसात लागण आढळली नाही. २०२१ साली त्याच नवापुरात पुन्हा रोग आला व पुन्हा कोंबड्या मारल्या गेल्या. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मरून पडले, आणि त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावल्याचे उघड झाले. वाघ गेला म्हणून वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. मेळघाटातील दीड वर्षाच्या मुलाला २०१९ साली पाखरांच्याच फ्लूच्या एका सौम्य जातीची, एच९एन२ ची, लागण झाली होती. माणसात ही जात सापडण्याची ती देशातील पहिलीच नोंद. ती मात्र फारशा कोणाच्या वाचनात आली नसावी.

२००३ सालापासून जगभर एच५एन१ ची लागण झालेल्या माणसांची नोंद ९०० च्या वर गेली असून त्यांतील जवळजवळ निम्मे दगावले आहेत. भारतातही २०२१ साली हरियाणातील एक मुलगा आणि २०२५ साली आंध्र प्रदेशातील एक चिमुरडी या रोगाने गेली. निम्मे मरतात हे ऐकून कोणाचाही थरकाप होईल. परंतु हेही ध्यानात घेतले पाहिजे की वीसहून अधिक वर्षांत साऱ्या जगात मिळून हे हजाराच्या आसपासचे रुग्ण आहेत. माणसाकडून माणसाकडे सहज पसरण्याची कला या विषाणूला अद्याप साधलेली नाही. साध्या फ्लूला ती पूर्वीपासून साधली आहे.

आता लसीकडे वळू. दवाखान्यात जी फ्लूची सुई मिळते ती दरवर्षीच्या साध्या फ्लूची. ती बर्ड फ्लूपासून संरक्षण देत नाही. हे आम्ही मुद्दाम स्पष्ट बोलतो, कारण भीतीचा बाजार मांडणारे लोक आहेत. फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडे थोडे रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लसीत कोणत्या जाती घ्यायच्या ते सुचविते. त्यामुळे गेल्या वर्षीची सुई यंदा पुरत नाही. गंमत अशी की ही लस बहुतांशी कोंबडीच्या अंड्यातच वाढविली जाते. म्हणजे कोंबड्यांवर मोठे संकट आले तर माणसांच्या लसीचीही पंचाईत.

मग बर्ड फ्लूचा आणि या सुईचा काहीच संबंध नाही काय? आहे, आणि विद्यार्थ्यांनी तो नीट समजून घ्यावा. फ्लूच्या विषाणूची सारी जनुके आठ तुकड्यांत असतात. एकाच माणसाच्या शरीरात, एकाच वेळी, माणसाचा फ्लू आणि पाखराचा फ्लू असे दोन्ही शिरले तर या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. त्यातून असा नवा विषाणू निघू शकतो की जो पाखराच्या विषाणूसारखा सर्वांना अनोळखी आणि माणसाच्या विषाणूसारखा पसरणारा. ही कल्पना नव्हे. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींचे विषाणू माणसाच्या व पाखरांच्या फ्लूच्या मिश्रणातूनच निपजले होते. म्हणून जो रोज कोंबड्यांमध्ये हात घालतो त्याला निदान साधा फ्लू तरी होऊ नये, असा विचार आहे. २०२४ साली अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये एच५एन१ पसरला, तेव्हा तेथील सरकारने गोठ्यांत व कुक्कुटपालनात राबणाऱ्या मजुरांना साध्या फ्लूची लस देण्यासाठी पैसा काढला, तो याच कारणाने.

आपल्या वस्तीतील किती मुले चिकनच्या दुकानात कापायला उभी राहतात, किती जण पोल्ट्रीत खुराडी साफ करायला जातात, ते आपण जाणतोच. मालक त्यांना सुई देईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. समितीने या मुलांसाठी काही रक्कम बाजूला काढावी अशी आमची सूचना आहे व ती आम्ही कार्यकारिणीपुढे लेखी ठेवणार आहोत. ही सुई सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात नाही. खाजगी दवाखान्यात ती दीड-दोन हजारांच्या घरात पडते. मजुरी करणाऱ्या घरात पाच माणसांनी ती घ्यावी असे सांगणे म्हणजे थट्टाच. राज्य शासनाने २०१५ साली गरोदर स्त्रियांना आणि मधुमेह, रक्तदाबाच्या रुग्णांना ती मोफत देणे सुरू केले होते. तेव्हा पैसे खर्चण्याआधी सरकारी दवाखान्यात चौकशी जरूर करावी.

पैसे एकाच सुईपुरते असतील तर घरात ती कोणाला द्यायची? आमच्या मते दम्याच्या किंवा मधुमेहाच्या म्हाताऱ्या माणसाला, अथवा सून गरोदर असेल तर तिला. गरोदरपणी घेतलेल्या लसीचा लाभ बाळालाही होतो, आणि सहा महिन्यांच्या आतील बाळाला ही लस देताच येत नाही. धडधाकट कमावत्या पुरुषाने मागे थांबावे. आपल्याकडे नेमके उलट होते. कमावता आधी, आजी शेवटी. कमावता जर कोंबडी कापणारा असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

कोणी म्हणेल, साधा फ्लू म्हणजे सर्दी-पडसे, त्यासाठी एवढे कशाला? त्यांनी १९१८ साल आठवावे. त्या वर्षी मुंबई बंदरातून हा फ्लू देशात शिरला. पावसाने दगा दिलेला, धान्य महाग झालेले, आणि सप्टेंबरापासून दुसरी लाट आली. देशात एक कोटीहून अधिक माणसे मेली. मुंबई शहराच्या त्या वेळच्या नोंदींत ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले आहे त्यांच्यात दर हजारी सुमारे ६१ माणसे गेली. युरोपियनांत हेच प्रमाण दर हजारी ८ होते, पारशांत ९. विषाणूने जात विचारली नव्हती. एका खोलीत दहा माणसे, पोटात अन्न नाही आणि डॉक्टर दारात येत नाही, एवढ्याने हा फरक पडला. ती माणसे आपलेच आजे-पणजे. त्यांना लस नव्हतीच. ती पुढे अनेक वर्षांनी निघाली.

महाराष्ट्रात फ्लूचा जोर मुख्यतः पावसाळ्यात असतो. सुईचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून ती मेअखेर घेणे उत्तम. सुईने दिल्या जाणाऱ्या लसीतील विषाणू मेलेला असतो, तिच्यामुळे फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते, इतकेच. आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन सुया लागतात. पूर्वी या लसीने ज्याला जोराची रिॲक्शन आली असेल त्याने डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. आणि ही लस शंभर टक्के नाही. चांगल्या वर्षी ती निम्म्याच्या आसपास आजार टाळते. मात्र सुई घेऊनही फ्लू झाला तर तो बहुधा हलका जातो.

चिकन खावे की नाही हा प्रश्न हमखास येतो. नीट शिजवलेले चिकन व अंडी बेलाशक खावीत. आपल्या रश्शाला जी उकळी येते तिच्यात हा विषाणू टिकत नाही. धोका शिजविण्याच्या आधी आहे. मेलेली कोंबडी किंवा कावळा हाताने उचलू नये, कोंबड्या पटापट मरू लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे, स्वस्तात मिळाली म्हणून आजारी कोंबडी घरी आणून कापू नये. दुकानात काम करणाऱ्या मुलांनी तोंडाला कापड आणि हातांत मोजे वापरावेत, घरी आल्यावर आधी साबणाने हात धुवावेत, मग लेकराला घ्यावे. आजारी किंवा मेलेल्या पाखरांशी संबंध आल्यावर दहा दिवसांत ताप, खोकला, धाप किंवा डोळे लाल होणे यांपैकी काही झाले तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात पाखरांचे सांगावे. टॅमिफ्लू नावाने जी गोळी ओळखली जाते ती पहिल्या दोन दिवसांत सुरू झाली तर अधिक उपयोगी पडते, आणि डॉक्टरांना पाखरांचे कळलेच नाही तर ते दोन दिवस साध्या तापाच्या औषधात निघून जातात.

पोल्ट्रीत व चिकनच्या दुकानात काम करणाऱ्यांची नावे लिहून घेण्यासाठी समितीची वही दारापाशी ठेवली आहे. मुले स्वतः आली नसतील तर त्यांच्या आयांनी नावे द्यावीत. आता आपले प्रश्न असतील ते विचारावेत.