रायफल जुळवायची की तयार घ्यायची? शिरढोणमधून एक महागात पडलेला प्रयोग

एसटीत असाल तर हेडफोन लावा, कारण आजचा विषय ऐकून शेजारचे काका दचकतील. आज आपण रायफलबद्दल बोलतोय. घाबरू नका, दहा मीटरवर कागदाला भोक पाडणाऱ्या रायफलबद्दल.

मी शिरढोणचा. पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे निघालात की कर्नाळ्याच्या अलीकडे लागतं ते. वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, ४ नोव्हेंबर १८४५ चा त्यांचा जन्म. आमच्याकडे शाळेतल्या पोराला ही तारीख झोपेतून उठवून विचारली तरी येते. पण एक जोडणी मला शाळेत कुणी सांगितली नव्हती. इंग्रजांनी हिंदुस्थानात आर्म्स ॲक्ट आणला १८७८ साली. लायसन्स नसेल तर हत्यार बाळगायचं नाही. आणि फडक्यांनी धामारीवर पहिला छापा घातला तो फेब्रुवारी १८७९ मध्ये, म्हणजे कायद्याची शाई वाळते न वाळते तोच. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला आणि १९५९ चा आपला आर्म्स ॲक्ट आला, पण लायसन्सची गोष्ट राहिली. ती का सांगतोय ते बघा.

२०२४ च्या १ ऑगस्टला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ मारलं. त्या संध्याकाळी माझी चुलत बहीण, तेव्हा सोळा वर्षांची, मला म्हणाली, "दादा, मला हे करायचंय." पनवेलमध्ये हे वेड नवीन नाही. सुमा शिरूर इथल्याच, त्यांची लक्ष्य शूटिंग क्लब इथलीच. २००४ च्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० मारणारी बाई आपल्या गावाच्या जवळ शिकवते म्हटल्यावर पोरींना स्वप्नं पडणारच. बहीण एका रेंजवर जायला लागली, क्लबच्या रायफलवर सहा महिने काढले, आणि मग प्रशिक्षक म्हणाले, आता स्वतःची घ्या.

इथे मी मध्ये पडलो. मी डिप्लोमा मेकॅनिकल, तळोजा एमआयडीसीत नोकरी. रात्री यूट्यूबवर अमेरिकेतली माणसं बघायचो. जेवणाच्या टेबलावर पार्ट मांडतात आणि तासाभरात रायफल तयार. तिकडे कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे एक ठरावीक मधला भाग, रिसीव्हर. त्यावर नंबर असतो, बाकीचं बरंचसं पोस्टानं घरी येतं. मला वाटलं, आपणही जुळवू, पैसे वाचतील.

आता कान देऊन ऐका. आपल्याकडे हे चालत नाही. आपल्या कायद्यात 'आर्म्स' या शब्दाच्या व्याख्येतच सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रं येतात. बंदूक बनवणं, बदलणं, विक्रीसाठी दुरुस्त करणं, सगळ्याला लायसन्स. विनापरवाना बनवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. स्वप्नील ज्या प्रकारात खेळतो तो ५० मीटर थ्री पोझिशन, त्याची पॉइंट टू टू रायफल ही बंदूकच आहे. तिथे घरी जुळवाजुळव हा विषयच नाही. कुणी "पार्ट मिळवून देतो भाऊ" म्हणाला तर नंबर ब्लॉक करा.

एअर रायफलचं वेगळं. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर लायसन्स लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलची, म्हणजे निम्म्याहूनही खाली. म्हणून तिच्यात "जुळवायची की तयार घ्यायची" हा प्रश्न खरा आहे.

काकांनी पतपेढीतून कर्ज काढलं. परदेशी कंपनीची नवी रायफल आम्हाला पावणेतीन लाखांच्या पुढे सांगितली होती. एका शूटरची दोन वर्षं वापरलेली अख्खी रायफल एक लाख पासष्ट हजारात मिळत होती. मी काकांना म्हटलं, थांबा, मी सव्वा लाखात बसवतो. काकांचा माझ्यावर विश्वास. डिप्लोमा ना.

मग माझी खरेदी. जुनं मशीन, म्हणजे नळी आणि ट्रिगरसकट मधला भाग, बासष्ट हजार. ॲल्युमिनियमचा स्टॉक दुसऱ्याकडून, अडतीस हजार. मागची साइट चौदा. मूठ नऊ. खांद्याला टेकते ती बटप्लेट अकरा. आणि पुढे लावायची एक लांब नळी, सहा हजार. ही नळी म्हणजे पुढची साइट आणखी पुढे नेण्यासाठी. दोन साइटमधलं अंतर वाढलं की नेमातली बारीक चूक डोळ्याला जास्त दिसते, हे पुस्तकी ज्ञान. बेरीज झाली एक लाख चाळीस हजार. सव्वा लाख केव्हाच मागे पडले होते.

पार्सलं आली आणि पहिला धक्का. हवेची टाकी. या रायफलीत २०० बारच्या दाबाची हवा भरतात. तुमच्या बाइकच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असते, त्यावरून अंदाज करा. टाकीवर तारीख कोरलेली असते आणि कंपन्या दहा वर्षांपर्यंतच वापरा म्हणतात. आमच्या टाकीची दहा वर्षं कधीच उलटली होती. विकणाऱ्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. नवी टाकी अठरा हजार. एक लाख अठ्ठावन्न. तयार रायफलीपेक्षा फक्त सात हजारांनी कमी, आणि सोबत ना बिल, ना कंपनीचा टेस्ट टार्गेट. हा टेस्ट टार्गेट म्हणजे कारखान्यात तीच रायफल पकडीत अडकवून मारलेल्या गोळ्यांचा कागद. रायफल किती नेमकी आहे याचा तो जन्मदाखलाच. आमची अनाथ.

दुसरा धक्का जास्त लाजिरवाणा. बहीण सगळी कामं उजव्या हातानं करते म्हणून मी उजव्या हाताची मूठ आणि स्टॉक घेतला. पण तिचा प्रबळ डोळा डावा! क्लबच्या रायफलवर ती मान वाकडी करून सहा महिने निभावत होती. तुम्हीही आत्ता बघा. आम्ही कर्नाळ्याच्या सुळक्यावर करतो, तुम्ही विजेच्या खांबावर करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून हात लांब करा, अंगठ्यानं खांब झाका. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं बघताना अंगठा खांबावरच राहतो, तो तुमचा प्रबळ. फुकटची तपासणी, आणि मी ती नऊ हजारांची मूठ घेतल्यावर केली. शेवटी डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावून उजव्यानंच नेम धरायचं ठरलं. बरेच शूटर तसं करतात, पण निर्णय आधी घ्यायचा असतो.

आणि तिसरा. हा सांगताना अजून पोटात कालवतं. स्पर्धेच्या दिवशी आधी इक्विपमेंट कंट्रोल असतो. रायफलचं वजन साडेपाच किलोच्या आत हवं, जॅकेटचं कापड अडीच मिलिमीटरपेक्षा जाड नको, असं सगळं मोजतात. त्यात एक नियम असा की मशीनच्या मागच्या टोकापासून पुढच्या नळीच्या टोकापर्यंत ८५० मिलिमीटरच्या वर जायचं नाही. आमची भरली ८६२. माझ्या सहा हजारांच्या नळीमुळे. मी मायक्रोमीटर घेऊन पोट भरणारा माणूस, आणि घरी टेप लावून बघितलं नव्हतं.

नळी काढली, साइट मागे आली, आणि महिनाभर बसवलेला नेम गेला. सरावाला मिळतात पंधरा मिनिटं. एअर रायफलचा दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे पेन्सिलीनं कागदावर टेकवलेलं टोक. दहा मीटरवरून. तिनं साठ गोळ्या मारल्या, ५९७ आले. घरी ती ६१२ च्या आसपास मारायची. पुढच्या फेरीचा आकडा हुकला. परतताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. पळस्प्याला चहाला थांबलो तेव्हा एवढंच म्हणाली, "दादा, तू स्वस्तात केलंस म्हणून मी हरले असं घरी सांगू नको. बाबांना वाईट वाटेल." मी काय बोलणार.

तर माझं मत. मशीन, नळी, ट्रिगर आणि टाकी हे चार एकाच कंपनीचे, एकत्र, बिलासकट घ्या. तिथे शहाणपणा नको. आता आपल्याकडचीच प्रेसिहोल एअर रायफली बनवते, मूळची धातूत लांब भोकं पाडणारी मशीनं बनवणाऱ्यांची ही कंपनी. शिकाऊ पोरांनी देशी रायफल बघायला हरकत नाही. सेकंडहँड घेत असाल तर अख्खी घ्या, टाकीची तारीख वाचा, आणि देणाऱ्याला तुमच्यासमोर दहा गोळ्या मारायला लावा.

जुळवाजुळव करायचीच असेल तर ती अंगाला भिडणाऱ्या भागांची करा. गालाला टेकणारा तुकडा, बटप्लेट, मूठ. बहिणीचा खांदा अरुंद, मान लांब. गालाचा तुकडा चार मिलिमीटर वर घेतला आणि बटप्लेट थोडी खाली, तेव्हा कुठे तिचा डोळा साइटच्या मागे आपोआप यायला लागला. मूठ आम्ही लाकडाच्या भुश्याच्या लांबीनं भरून आणि घासून तिच्या हाताची केली, तीन रविवार लागले. हे कुठल्याच कंपनीचं दुकान तयार देत नाही. पावणेतीन लाखांची घेतली असती तरी हे तीन रविवार द्यावेच लागले असते. आणि छर्रे! वेगवेगळ्या लॉटचे डबे मागवून बघा. ४.४९ आणि ४.५० मध्ये केसाएवढाही फरक नाही, पण एकेका नळीचे लाड असतात. आमच्या अनाथ नळीला ४.५० आवडतात.

गेल्या महिन्यात रेंजवर तिनं ६१४.२ मारले, नळीशिवाय. कर्जाचे अजून अकरा हप्ते आहेत, त्यातले निम्मे मी भरतोय, हे काकांना माहीत नाही आणि काका पॉडकास्ट ऐकत नाहीत. ती सहा हजारांची नळी माझ्या टेबलावर पडून आहे. कुणाला हवी असेल तर कळवा, पण आधी तुमची रायफल मोजा.