श्वानाचा श्वास

चंडीगडला लागून असलेल्या मुल्लानपूर येथे २०२२ साली कर्करोगाचे एक मोठे रुग्णालय उघडले. नाव होमी भाभांचे; चालवते मात्र आपल्या परळचे टाटा स्मारक केंद्र. त्याच परळात १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. तेव्हा माणसाचा हा रोग मुक्या जनावरालाही होतो, हे परळकराला सांगायला नको. इतरांसाठी आज कुत्र्याच्या श्वासाविषयी थोडे बोलतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग निववते. म्हणून श्वासमार्ग अडला, की हवा तर कमी पडतेच, शिवाय अंगही तापते. तापले की धाप वाढते, धापेने घसा सुजतो. चंडीगडकडच्या जून महिन्यात हे चक्र पाहता पाहता जिवावर बेतते.

अडथळा गाठीचाच असतो असे नाही. स्वरयंत्रात वा श्वासनलिकेत गाठ क्वचितच होते. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरचे स्वरयंत्र लुळे पडते, पॉमेरेनियनची श्वासनलिका चपटी होते, पगचे तर नाकच आखूड! घरचे मात्र "वय झाले, घोरतो," म्हणून स्वस्थ बसतात. भुंकणे घोगरे झाले, श्वास घेताना करवतीसारखा आवाज येऊ लागला, की पशुवैद्य गाठावा. हिरड्या निळसर दिसल्या तर क्षणाचाही विलंब नको. गळपट्टा सोडावा, सावलीत न्यावे, अंग भिजवून वारा घालावा. तोंडात पाणी ओतू नये.

आपल्याकडील भटक्या कुत्र्यांत एक विलक्षण कर्करोग आढळतो. समागमातून, हुंगण्याचाटण्यातून एका कुत्र्याच्या जिवंत पेशीच दुसऱ्याच्या अंगी रुजतात, कधी नाकातही. नाक सुजलेले, रक्त ठिबकणारे, तोंडाने श्वास घेणारे ते कुत्रे पाहून गल्ली हळहळते, आणि कोणी तरी शेवटची सुई देण्याचा सल्ला देतो. घाई होते ती इथेच. गाठीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, की बहुधा निदान होते. आणि हाच कर्करोग औषधाला सहसा वश होतो. आठवड्याला एक, अशी व्हिंक्रिस्टीनची चार-सहा इंजेक्शने शिरेतून दिली, की बहुतेक कुत्री बरी होतात. हे औषध मिळते आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून. माणसाच्या रक्ताच्या कर्करोगावरही तेच देतात. पण म्हणून कोणी घरी पाने वाटू नयेत! औषध जहाल आहे. पशुवैद्याने रक्त तपासूनच ते द्यायचे असते.

मुल्लानपूरचे रुग्णालय माणसांचे. तिकडच्या कुत्र्यासाठी लुधियानाचे गुरू अंगद देव पशुवैद्यक विद्यापीठ आहे. वाट शंभरएक किलोमीटरची, उन्हाळ्यात पहाटेच निघावे.