नोंदींची सुरक्षितता: एक निवेदन
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला बाजार नवा नाही. परंतु संगणकात शिरून नोंदी कुलूपबंद करणाऱ्या घातक प्रणालींचाही इंटरनेटवर बाजार भरतो. त्या विकत वा भाड्याने मिळतात. वसूल झालेल्या खंडणीत कर्त्याचा हिस्सा असतो. चोराला तज्ज्ञ असण्याची गरज उरलेली नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये घातक प्रणालीच्या साहाय्याने पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले गेले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर बंद पडले, नोंदणी व तपासण्यांचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. पैशाची तूट पुढेमागे भरून निघते. उपचारातील विलंब भरून निघत नाही.

चोपडा-शिरपूरकडून येणाऱ्या रुग्णाचे जुने अहवाल ही आपल्याकडील ठेवच होय. त्यांची दुसरी प्रत रोज काढून इंटरनेटपासून अलग ठेवणे औषधसाठ्याइतकेच आवश्यक आहे. इमारतीवर देणगीदाराच्या नावाची शिला बसते; या खर्चावर ती बसत नाही. तरीही त्यासाठी आपण सढळ हाताने साहाय्य करावे, ही नम्र विनंती.