चित्रकथा आणि अद्भुत कादंबरी : एका नादिष्ट वाचकाची मते



या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत पुष्कळ गंभीर विषय बोलले गेले आहेत. त्या मानाने आमचा आजचा विषय पोरकट वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. कार्यक्रमपत्रिका हाती पडताच आमच्या एका स्नेह्यांनी विचारलेही, "अहो, या वयात चित्रांची पुस्तके?" आम्ही म्हटले, "होय, आणि तीही उजवीकडून डावीकडे!" त्यावर ते काही बोलले नाहीत, पण आज ते दुसऱ्या रांगेत बसलेले दिसतात, तेव्हा आम्ही आशा सोडलेली नाही.

आरंभी एक कबुली दिली पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर होतो. तेथे बालविभागात वेताळाच्या इंद्रजाल कॉमिक्सचे आणि अमर चित्रकथेचे गठ्ठे असत. पाने सुटलेली, कोपरे दुमडलेले, पाठीला डिंकाने चिकटवलेल्या पट्ट्या. ही पुस्तके रद्दीत काढावीत, त्यांच्या पायी मुले खरे वाचन करीत नाहीत, असा ठराव आला. त्या ठरावास अनुमोदन आम्ही दिले. ती पाने इतक्या हातांतून गेल्यामुळेच सुटली होती, हा पुरावा डोळ्यांपुढे असूनही आम्हांस दिसला नाही. पुढच्या रविवारी एक मुलगा आला, रिकाम्या फळीपुढे थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. तो पुन्हा कधी आला नाही. ज्या खऱ्या वाचनासाठी आम्ही ती फळी रिकामी केली, त्यातले एखादे पुस्तक उठून त्याच्या हाती द्यावे, एवढेही आम्हांस सुचले नाही.

गेल्या पावसाळ्यात आमचा पाय मोडला आणि आम्ही दीड महिना अंथरुणाला खिळलो. नातीने उशाशी काही पुस्तके आणून ठेवली. आम्ही एक उचलले, नेहमीच्या सवयीने उघडले, तो कथेचा अर्थच लागेना. "आजोबा, ते शेवटचं पान आहे!" ती म्हणाली. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. आपल्या पुस्तकाचे जे मलपृष्ठ, ते तिचे मुखपृष्ठ. चौकटीही उजवीकडून वाचायच्या. इंग्रजी भाषांतरांतही बहुधा हाच क्रम ठेवतात. चारपाच दिवस डोळे अडखळले, मग सवय झाली. पाय बरा झाला. नाद मात्र राहिला.

ते पहिले पुस्तक म्हणजे केइजी नाकाझावा यांची 'अनवाणी गेन' ही दहा खंडांची कथा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब पडला, तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे ते वाचले. वडील, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली सापडून गेले. आई गरोदर होती. ती त्याच दिवशी उघड्यावर बाळंत झाली, आणि ते मूलही काही महिन्यांत दगावले. पुढे १९६६ साली आई वारली. दहनानंतर नाकाझावा अस्थी वेचायला गेले, तर राखेत नीटसे हाडच उरले नव्हते. बाँबने आईची हाडेही नेली, या संतापातून आपण या विषयाकडे वळलो, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. १९७३ पासून ही कथा 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकात येऊ लागली.

आता आमचे मत. या पुस्तकातले चित्रकाम ओबडधोबड आहे. माणसे सारखी ओरडतात, थोबाडीत मारतात, आणि पुढच्या खंडांत तेच तेच प्रसंग येतात. परंतु कातडी लोंबत चाललेल्या माणसांची ती मिरवणूक एकदा पाहिली की हे दोष काढायला जीभ वळत नाही. चित्र वाचकाला पळू देत नाही. गद्यात 'हजारो माणसे भाजली' असे वाक्य येते आणि आपण पूर्णविरामापर्यंत जाऊन पुढे सरकतो. येथे त्यांतल्या एकेकाचे तोंड पाहावे लागते. दुसरा विशेष असा की लेखक केवळ अमेरिकेवर आग पाखडून थांबत नाही. गेनचा बाप युद्धाला विरोध करतो म्हणून शेजारीपाजारीच त्याला देशद्रोही ठरवतात, त्याच्या मुलांच्या वाटेला जातात. जपानी शेतकरी गव्हाची कोवळी रोपे हिवाळ्यात मुद्दाम पायाने दाबतात, म्हणजे मुळे घट्ट धरतात. बाप मुलांना त्या गव्हासारखे व्हायला शिकवतो. आमच्या शेतकरी श्रोत्यांस या गोष्टीवर भाष्य नको.

पुस्तक वाचून झाल्यावर त्याची पुढची हकीकत आम्हांस कळली. डिसेंबर २०१२ मध्ये नाकाझावा वारले. त्याच महिन्यात जपानमधील मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांना सांगितले की ही पुस्तके उघड्या फळीवरून काढून आत ठेवावीत. त्यांतील जपानी सैन्याच्या अत्याचारांची दृश्ये मुलांना सोसवणार नाहीत. २०१३ च्या उन्हाळ्यात ही गोष्ट बाहेर फुटली, देशभर ओरड झाली, आणि ऑगस्टअखेर तो निर्बंध मागे घेतला गेला. हे वाचताना आमच्या मनाची काय स्थिती झाली असेल, याची कल्पना श्रोत्यांनी करावी. मात्सुएच्या त्या मंडळींपाशी निदान एक कारण होते, त्यांनी पुस्तक उघडून तरी पाहिले होते. आमच्या ठरावाच्या वेळी आमच्यापैकी कितीजणांनी एकतरी चित्रकथा अथपासून इतिपर्यंत वाचली होती? आम्ही तरी वाचली नव्हती.

दुसरे लेखक शिगेरु मिझुकी. हे १९२२ साली जन्मले, सैन्यात भरती होऊन न्यू ब्रिटन बेटावर गेले आणि बाँबहल्ल्यात डावा हात गमावून परतले. उरलेल्या एका हाताने त्यांनी आयुष्यभर भुताखेतांच्या गोष्टी चितारल्या. १९७३ साली त्यांनी आपल्या लष्करातल्या दिवसांवर एक कथा लिहिली. एका तुकडीला मरण्यासाठीच चढाई करण्याचा हुकूम होतो. काही शिपाई त्यातून जिवंत राहतात, आणि तोच त्यांचा अपराध ठरतो! तुकडी धारातीर्थी पडल्याचे वर कळवून झालेले असते; तेव्हा आता कागद खरा करण्यासाठी त्यांनी पुन्हा मरायला जायचे. या कथेतली माणसे विनोदी चित्रांतल्यासारखी, बटाट्याच्या नाकाची. मागची झाडे, समुद्र, प्रेते मात्र छायाचित्रासारखी तंतोतंत. तो विजोडपणा आम्हांस प्रथम खटकला. मग ध्यानात आले की त्या भयंकर खऱ्या जगात ही साधी माणसे कशी चुकून येऊन पडली आहेत, ते त्या विजोडपणातूनच दिसते. आमच्या मते गेल्या वर्षभरात वाचलेल्या चित्रकथांत ही सर्वांत श्रेष्ठ.

हे मिझुकी मांगाकडे वळण्यापूर्वी कामिशिबाईसाठी चित्रे काढीत. कामिशिबाई म्हणजे कागदी नाटक. १९३० च्या सुमारास जपानात सायकलवर लाकडी चौकट बांधून गोष्टीवाले गल्लोगल्ली फिरत, मुलांना गोळ्या-मिठाई विकत, आणि चौकटीत एकेक चित्र सरकवून कथा सांगत. टीव्ही आला आणि हा धंदा बसला. येथे आम्हांस आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीची आठवण होते. तेथील ठाकर समाजातले चित्रकथी हेच करीत आले: सुट्या कागदांवर रंगवलेल्या चित्रांची पोथी, एकेक चित्र पुढे धरायचे आणि रामायण-महाभारतातले आख्यान लावायचे. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळ मराठी वृत्तपत्रवाचकांना ही कला प्रथमच कळली. जपानात चित्र दाखवून कथा सांगणाऱ्यांतले काही जण छापील चित्रकथेत गेले आणि तिचे पुढे एक साहित्य झाले. आपल्याकडे ती पोथी आणि छापखाना यांची गाठ पडली नाही. चित्रकथा ही परकी चीज, असे म्हणणाऱ्यांनी एकदा पिंगुळीला जाऊन यावे.

तिसरे ओसामु तेझुका. हे शिक्षणाने डॉक्टर, आणि मांगाचे आचार्य मानले जातात. १९७२ ते १९८३ या काळात त्यांनी 'बुद्ध' रचला. महाराष्ट्रात हे पुस्तक निराळ्या कुतूहलाने वाचले जाईल, कारण १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर बुद्धचरित्र ही आपल्याकडे केवळ पुराणातली गोष्ट राहिलेली नाही. तेझुका आरंभ सिद्धार्थापासून करीत नाहीत. चाप्रा नावाच्या एका गुलाम मुलापासून करतात. तो आपला जन्म लपवून सेनापतीचा मानलेला मुलगा होतो. कर्णाची आठवण यावी असे हे पात्र सर्वस्वी कल्पित आहे. बुद्धाच्या आधी बुद्धाची गरज दाखवावी, ही युक्ती आम्हांस फार आवडली. दोषही सांगतो. जातिव्यवस्थेचे चित्र ढोबळ आहे, आणि ऐन मृत्यूच्या प्रसंगी लेखक मधेच विनोद करतो, चौकटीत स्वतःच डोकावतो. भाविकाला हे खपणार नाही. आम्हांस मात्र कीर्तनकार उत्तररंगात असताना मधेच कोपरखळी मारतो, त्याचे स्मरण झाले.

सर्वच मांगा असा आहे, असे कोणी समजू नये. बहुतेक सुमार आहे. ज्या 'शोनेन जंप'ने गेनला जागा दिली, त्यानेच वाचकांकडून पोस्टकार्डे मागवून आवडीनिवडी मोजण्याची रीत बसवली. ज्या कथेला कौल कमी, ती गुंडाळली जाते. ज्या कथेला जास्त, ती संपूच दिली जात नाही. मग नायक एका शत्रूला हरवतो, तो त्याहून बलाढ्य दुसरा उभा राहतो, नायकाला नवी शक्ती लाभते, आणि असे खंडामागून खंड. नातीच्या आग्रहास्तव असल्या एका मालिकेचे अकरा खंड आम्ही वाचले. बारावा हाती घेतला नाही, याबद्दल घरात अबोला झाला.

आता अद्भुत कादंबरी. मराठीला हे अन्न नवे नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, नाथमाधवांचा 'वीरधवल' तर आमच्या आजोबांनी कंदिलाच्या उजेडात वाचलेला. पुढे वास्तववादाचे वारे आले आणि अद्भुत म्हणजे पळपुटेपणा, असा शेरा कायमचा बसला. या शेऱ्यास टॉल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज येथे उत्तर दिले. तेही एक व्याख्यानच होते. त्यांचा मुद्दा असा की तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणांगणातून पळणारा शिपाई या दोघांना एकच मानू नये. बोलणारा गृहस्थ पहिल्या महायुद्धात १९१६ साली सोमच्या आघाडीवर लढलेला होता, हे ध्यानी घेतले पाहिजे.

त्यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ साली तीन खंडांत निघाली. वंशावळी, भूगोल, गाणी यांचा आम्हांस कंटाळा आला, हे मोकळेपणाने सांगतो. परंतु कथेचा गाभा पाहा. पुराणांतले वीर अस्त्र मिळवण्यासाठी तप करतात; येथे सर्वांत प्रबळ अस्त्र आपल्या हाती असताना ते वापरायचे नाही, नष्ट करायचे, एवढ्यासाठी सारा प्रवास आहे. आणि अखेरच्या पावलावर नायकाचे मन फिरते! काम तडीस जाते ते पूर्वी एका क्षुद्र जीवावर केलेल्या दयेमुळे. याला पळपुटेपणा कोणत्या तोंडाने म्हणावे?

अर्सुला ले ग्विन यांची 'अर्थसी'ची पहिली कादंबरी १९६८ ची, आणि जेमतेम दोनशे पानांची. गेड नावाचा मंत्रविद्येचा विद्यार्थी मत्सराच्या भरात भलतीच विद्या करून दाखवतो आणि एक काळी छाया जगात सोडतो. प्रथम तो तिच्यापासून पळतो, मग वळून तिचाच पाठलाग करतो. शेवट आम्ही फोडत नाही. ले ग्विन यांच्या जगात मंत्राला किंमत पडते: एके ठिकाणी पाऊस पाडला तर दुसरीकडे अवर्षण. गेड तांबूस-सावळ्या वर्णाचा आहे. कित्येक प्रकाशकांनी मुखपृष्ठावर त्याला गोरा करून टाकला, याबद्दल लेखिका पुढे वारंवार संतापल्या. पुस्तकाचा मोठा दोष असा की त्यात स्त्रियांना विद्येचा दरवाजा बंद आहे. तो दोष लेखिकेनेच ओळखला आणि १९९० साली 'तेहानु' लिहून आपल्याच जगाची उलटतपासणी केली. आपले चुकले, असे पुस्तक लिहून सांगणारे लेखक थोडेच.

तात्पर्य, या सर्व वाचनानंतर आमच्यापाशी एक साधी कसोटी उरली आहे. पुस्तक मिटल्यावर शेजारचा माणूस अधिक स्पष्ट दिसतो की अधिक धूसर? गेन, मिझुकींचे शिपाई, गेड यांच्यानंतर तो स्पष्ट दिसतो. त्या अकरा खंडांनंतर दिसत नाही. हीच कसोटी सामाजिक कादंबरीला लावावी आणि निकाल काय येतो ते पाहावे.

भाषांतराबद्दल दोन शब्द. मांगाच्या चौकटींत ध्वनी लिहिलेले असतात, आणि जपानी भाषेत निःशब्दतेलाही एक ध्वनी आहे: 'शीऽन'. इंग्रजी भाषांतरकर्ते येथे अडखळतात. आपल्या मराठीत मात्र धाडकन, खळ्ळकन, चर्रकन तर आहेतच, शिवाय लुकलुक, टकमक, मिणमिण असे कानाला न येणारे, नुसते डोळ्यांनी ऐकायचे शब्दही आहेत. हे काम मराठीने करण्याजोगे आहे. श्रोत्यांत बसलेल्या तरुण भाषांतरकारांनी ते मनावर घ्यावे.

शेवटी एक विनंती. ज्या ज्या वाचनालयांचे सभासद येथे बसले आहेत, त्यांनी बालविभागात आणि प्रौढांच्या विभागातही चित्रकथांसाठी एक कपाट ठेवावे, कुलपाविना. त्यांत भिकार पुस्तके येतील. पण चांगले-वाईट निवडण्याची दृष्टी फळी भरलेली असल्यावाचून येत नाही. आमच्यापुरते म्हणाल, तर आम्ही वाचलेली ही पुस्तके त्याच वाचनालयास देऊ केली आहेत, जेथे आमच्या अनुमोदनाने फळी रिकामी झाली होती. मंडळाचा होकार अजून आलेला नाही. तो मुलगा आता चाळिशीत असेल. कदाचित आज या मंडपातही असेल. असल्यास त्याने आम्हांस क्षमा करावी, आणि जमल्यास आपल्या मुलांना घेऊन यावे.